रिलीव्हर कुठाय?

आमच्या घरात 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेवर पहिली टीका झाली ती गोष्ट सुरू व्हायच्याही आधी, नावं पडद्यावर येत असतानाच. ढग बाजूला होतात, स्प्रिंगफील्ड गाव दिसतं, बार्ट शाळेत फळ्यावर शिक्षेचं वाक्य पुन्हा पुन्हा लिहीत असतो. मग अणुवीज केंद्राचा भोंगा वाजतो. भोंग्यासरशी बार्टचा बाप होमर सिम्पसन हातातला चिमटा टाकून देतो, चिमट्यातली हिरवी चमकणारी कांडी उडून त्याच्या कॉलरमध्ये शिरते आणि हा गडी गाडी काढून घरी निघतो. बाबा तेव्हा दारात बुटाच्या नाड्या बांधत होते. नाईट होती. त्यांनी मान वर करून टीव्हीकडे पाहिलं आणि विचारलं, "याचा रिलीव्हर कुठाय?"

बाबा कोळशावर चालणाऱ्या एका वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. तिथे भोंग्याला कुणी विचारत नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस पॅनलसमोर येऊन उभा राहिला, कुठला पंप बंद ठेवलाय, कुठल्या कामाचं परमिट अजून उघडं आहे हे त्याला तोंडी सांगून झालं, लॉगबुकात सही झाली, की मगच आधीच्याने खुर्ची सोडायची. याला चार्ज देणं म्हणतात. चार्ज घ्यायला येणारा तो रिलीव्हर. तो आला नाही तर डबल. "आज डबल लागली" हे वाक्य आमच्या कॉलनीत शेंबड्या पोरालाही कळायचं. त्याचा अर्थ बाबांचं ताट झाकून ठेवायचं आणि ते आल्यावर दिवसभर कुजबुजत बोलायचं.

त्यामुळे एक माणूस भोंगा वाजला म्हणून अणुभट्टी तशीच टाकून जातो आणि त्यावर जग हसतं, हे बाबांना काही केल्या पटेना. "आणि ते हिरवं काय चमकतंय?" हा दुसरा प्रश्न. पाण्यात ठेवलेल्या अणुइंधनाभोवती दिसला तर निळसर उजेड दिसतो, हे त्यांना कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये कळलं होतं. एवढं बोलून ते सायकल काढून गेले.

ही १९९८ची गोष्ट. मी तेरा वर्षांची, धाकटा पिंट्या दहाचा, म्हणजे बरोबर बार्टएवढा. केबलवर स्टार वर्ल्ड दिसायला लागलं होतं आणि आम्ही मराठी माध्यमाची पोरं, त्यामुळे निम्मं इंग्रजी डोक्यावरून जायचं. होमरचा तो जगप्रसिद्ध उद्गार आम्हाला कित्येक महिने 'डोह' असा ऐकू यायचा. कालियाच्या डोहाखेरीज दुसरा डोह माहीत नसल्यामुळे पिंट्याची समजूत अशी, की काही बिनसलं की या माणसाला बुडाल्यासारखं वाटतं. (ती समजूत फार चुकीची होती असं मला आजही वाटत नाही.) पुढे कधीतरी वाचलं की संहितेत हा शब्द लिहीतच नाहीत, तिथे नुसतं 'वैतागलेला हुंकार' असं असतं. होमरला आवाज देणाऱ्या डॅन कॅस्टेलानेटाने तो लॉरेल-हार्डीच्या चित्रपटांतल्या जेम्स फिनलेसन या नटाकडून घेतला आणि तोडून आखूड केला. २००१ साली ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने त्याला घरात घेतलं.

'फॅन थिअरी', म्हणजे चाहत्यांनी लढवलेले तर्क, हा शब्द तेव्हा आमच्याकडे नव्हता, पण थिअऱ्या होत्या. पिंट्याची पहिली थिअरी: केंद्रातून काहीतरी गळतंय आणि अख्ख्या गावाला कावीळ झालीय. पुरावा म्हणून तलावातला तीन डोळ्यांचा मासा. आईने पोळ्या लाटता लाटता निकाल दिला, "मग त्यांना उसाचा रस पाजा म्हणावं." खरं कारण अगदीच धंदेवाईक निघालं. मालिकेचा जन्मदाता मॅट ग्रेनिंग याने सांगितलंय, की रिमोटने पटापट चॅनेल बदलणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर पिवळं काहीतरी चमकावं आणि त्याने थांबावं, म्हणून तो रंग. आम्ही थांबलो होतोच.

स्प्रिंगफील्ड नेमकं कुठल्या राज्यात, यावर अमेरिकन माणसं वर्षानुवर्षं भांडत आली आहेत. मला त्या भांडणात कधीच परकं वाटलं नाही. आपल्याकडे डोंगरात चार खोल्या खोदलेल्या दिसल्या की त्या पांडवांनी एका रात्रीत खोदलेल्या असतात, आणि ओढ्यातला बरा खळगा म्हणजे सीतेची न्हाणी. गोष्ट आवडली की ती आपल्या शिवारात आणून बसवायची, ही खोड सगळीकडची आहे. त्यांच्याकडे तर ते सोपंच, कारण स्प्रिंगफील्ड नावाची गावं त्या देशात जागोजाग आहेत. ग्रेनिंग स्वतः ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडचा. फ्लँडर्स, लव्हजॉय, क्विम्बी ही पात्रांची आडनावं म्हणजे त्याच्या गावातल्या रस्त्यांची नावं, आणि होमर, मार्गारेट (म्हणजे होमरची बायको मार्ज), लिसा, मॅगी ही त्याच्या घरातली. बाप, आई, दोन बहिणी. स्वतःचं नाव तेवढं त्याने घातलं नाही. वांड कार्ट्याला इंग्रजीत जो 'ब्रॅट' शब्द आहे त्याची अक्षरं उलटसुलट करून बार्ट केला. मला यातला धूर्तपणा फार आवडतो. घरच्यांना चव्हाट्यावर आणायचं आणि आपण मात्र बुरख्यात.

एक थिअरी अशी, की ती थिअरी नसून मूळ बेतच होता. बार्टला बापाबद्दल काडीचा आदर नाही, आणि तो ज्याची भक्ती करतो त्या क्रस्टी विदूषकाचा चेहरा म्हणजे रंग फासलेला होमरच. ग्रेनिंगच्या डोक्यात सुरुवातीला खरोखरच असं होतं की क्रस्टी हा होमरच, घरच्यांच्या नकळत वेष पालटून काम करणारा. पुढे गुंता वाढेल म्हणून ते सोडून दिलं. मला अजून हळहळ वाटते. बाप बाहेर जाऊन काय करतो हे मुलाला ठाऊक नसणं, हे आमच्या कॉलनीतल्या कुठल्याही पोराला समजावून सांगावं लागलं नसतं. बाबा आठ तास नक्की काय करतात हे मला मी एकोणीस वर्षांची होईतो माहीत नव्हतं. काचेमागे काटे बघतात, एवढंच.

कोड्यांचा शौक मालिकेनेच लोकांना लावला. १९९५च्या मे महिन्यात हंगाम संपताना अणुवीज केंद्राचा मालक मिस्टर बर्न्स याला कुणीतरी गोळी घातली आणि उत्तर सप्टेंबरात दिलं. चार महिने लोक एकेक चित्र थांबवून तपासत बसले. बर्न्स कोसळतो ते छायाघड्याळावर, दिशांच्या अक्षरांवर हात टेकून. त्यातलं पश्चिमेचं इंग्रजी अक्षर त्याच्या बाजूने वाचलं की 'एम' होतं, आणि दुसरं 'एस'. मॅगी सिम्पसन. होमरची पाळण्यातली पोर. म्हातारा तिच्या तोंडची गोळी हिसकावत होता म्हणे. उत्तर कळल्यावर पुष्कळांना फसवल्यासारखं वाटलं. मला नाही. चोखायची गोळी पळवली तर एक वर्षाचं मूल काय करू शकतं, हे ज्याने पाहिलंय त्याला संशय तिच्यावरच यायला हवा होता.

आमच्या घरातलं सगळ्यांत मोठं भांडण मात्र कोमाचं.

पिंट्या इंजिनीअर होऊन न्यू जर्सीला गेला. २०१५ साली ही थिअरी इंटरनेटवर गाजत होती तेव्हा त्याने मध्यरात्री मला फोन केला, कुणी वारलं की काय अशा आवाजात. थिअरी अशी: १ एप्रिल १९९३च्या भागात बार्ट बापाची गंमत करायला बिअरचा डबा रंग घुसळायच्या यंत्रात घालून हलवतो, होमर तो उघडतो, स्फोट होऊन दवाखान्यात पोचतो, तिथे खाऊचं यंत्र अंगावर पडतं आणि तो कोमात जातो. भागाच्या शेवटी तो शुद्धीवर येतो. थिअरी म्हणते, आलाच नाही. पुढची सगळी वर्षं तो दवाखान्यात पडून आहे आणि आपण बघतोय ती त्याची स्वप्नं. म्हणून पोरं मोठी होत नाहीत. म्हणून गोष्टी वर्षागणिक अचाट होत जातात आणि टीव्हीवर पाहिलेली प्रसिद्ध माणसं उठसूट घरी येतात. आणि यातला खरा मासला हा: ८ ऑक्टोबर १९९२च्या 'होमर द हेरेटिक' या भागात देव होमरच्या स्वप्नात येतो. होमर आयुष्याचा अर्थ विचारतो. देव म्हणतो, मेल्यावर कळेल. एवढं थांबवत नाही, असं होमर म्हणतो, तेव्हा देव विचारतो, सहा महिनेही थांबवत नाही?

ऑक्टोबर ते एप्रिल. बोटं मोजा.

मालिकेची सूत्रं बरीच वर्षं सांभाळणारा अल जीन याने ही थिअरी साफ नाकारली. पिंट्याने त्याला भीक घातली नाही. "लिहिणाऱ्याला काय कळतं ताई," असं तो म्हणाला. यावर खरं तर काही बोलण्यासारखं नव्हतं, तरी मी बोलले. आमचं भांडण तीन-चार वर्षं चाललं असेल.

माझा मुद्दा साधा होता. स्वप्न ज्याचं, त्याला ते पडण्याइतकी अक्कल हवी. आता १५ ऑक्टोबर १९९५चा 'लिसा द व्हेजिटेरियन' घ्या. होमरची मोठी लेक लिसा प्राण्यांच्या बागेत एका कोकराला कुरवाळून येते आणि रात्री ताटात कोकराच्या मांसाचा चॉप पडल्यावर तिचा घास घशात अडकतो. घरात तिची टर उडवतात. सॅलडने दोस्त जोडता येत नाहीत असं गाणं म्हणत बाप आणि भाऊ घरभर नाचतात, आणि आईचेही पाय त्यात सामील होतात. शेवटी किराणा दुकानदार अपू तिला आपल्या दुकानाच्या गच्चीवरच्या लपवलेल्या बागेत नेतो. तिथे बीटल्सवाला गायक पॉल मॅकार्टनी आणि त्याची बायको लिंडा भेटतात. अपू स्वतः मांसाहार सोडा, दूधही घेत नाही, पण तो तिला एवढंच सांगतो, की लोकांच्या मागे न लागताही त्यांच्यावर परिणाम करता येतो. मॅकार्टनीने या भागात यायला एक अट घातली होती: लिसा पुन्हा कधी मांस खाणार नाही. इतक्या वर्षांत ती पाळली गेलीय. शेवटच्या गाण्यात डाळीच्या सुपाची कृतीसुद्धा उलटी वाजवून दडवलेली आहे. आता मला सांगा, ज्याच्या स्वप्नात डोनट येतात त्याला त्या पोरीच्या घशातला घास कसा दिसेल? सगळं होमरचं स्वप्न म्हटलं की लिसा संपली, मार्ज संपली. एका पुरुषाच्या उशाखाली अख्खं गाव दडपून टाकायचं आणि म्हणायचं, बघा कसं कोडं सुटलं.

लिसाच्या बाबतीत मी हळवी आहे, कबूल. २५ एप्रिल १९९१चा 'लिसाज सब्स्टिट्यूट' माझा सगळ्यांत आवडता. बदली शिक्षक बर्गस्ट्रॉम वर्गात येतात, लिसाला पहिल्यांदा कुणीतरी आपल्या भाषेत बोलणारं भेटतं, आणि काही दिवसांत ते निघून जातात. स्टेशनावर ती रडते. ते तिला एक चिठ्ठी देतात आणि सांगतात, कधी एकटं वाटलं, कुणावर विसंबता येणार नाही असं वाटलं, तर यात जे लिहिलंय तेवढं माहीत असलं तरी पुरे. चिठ्ठीत चारच शब्द: तू लिसा सिम्पसन आहेस. शिक्षकाचा आवाज डस्टिन हॉफमनचा, पण श्रेयनामावलीत भलतंच नाव. लोक चिठ्ठीपाशी रडतात. मी त्यानंतर रडते. ती घरी येऊन बापाला 'बबून' म्हणते, आणि ज्याला ती मुळीच कळत नाही असा तो बाप वर तिच्या खोलीत जातो, काय बोलायचं ते न सुचल्याने खरोखरच माकडचाळे करतो, आणि ती हसते.

पिंट्याच्या बाजूनेही एक भाग होता, आणि मी तो बरीच वर्षं मुद्दाम विषयात येऊ दिला नाही. 'मदर सिम्पसन', १९ नोव्हेंबर १९९५. वारली असं सांगितलेली होमरची आई सत्तावीस वर्षांनी परत येते. साठीच्या दशकात तिने बर्न्सची जंतुशस्त्रांची प्रयोगशाळा उधळली होती, तेव्हापासून ती फरार. पोलिसांना पत्ता लागतो, तिला पुन्हा जावं लागतं. ओसाड रस्त्यावर निरोप होतो. शेवटी होमर गाडीच्या बॉनेटवर बसून राहतो, आभाळात तारे निघतात, नावं पुढे सरकत जातात आणि एकही विनोद येत नाही. हे स्वप्न होमरला पडू शकतं. कोमातल्या माणसाला आई भेटली, आणि स्वप्नातसुद्धा ती राहिली नाही. पिंट्याने हे मला एकदाच म्हटलं, शांतपणे. त्या दिवशी मी वाद घातला नाही.

बाबांना मी कोमाची थिअरी सांगितली तेव्हा ते निवडलेल्या मेथीच्या काड्या गोळा करत होते. नीट ऐकून घेतली. मग म्हणाले, "म्हणजे कोमातपण त्याला सुट्टी नाही."

बाबांनी एकच भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला होता. त्यांचा वीकली ऑफ होता आणि क्रिकेट पावसात गेलं होतं. भाग नेमका 'होमर्स एनिमी', १९९७च्या मे महिन्यातला, जॉन स्वार्ट्झवेल्डरने लिहिलेला. आम्ही तो कधीतरी नंतर पाहिला. फ्रँक ग्राइम्स नावाचा नवा माणूस केंद्रात लागतो. लहानपणी टाकलेलं पोर, स्फोटात भाजलेला, टपालाने पुस्तकं मागवून शिकलेला. त्याचं घर एका बोलिंगच्या अड्ड्याच्या वर आणि दुसऱ्याच्या खाली. होमर त्याचा डबा खातो, पेन्सिली चावतो, ड्युटीवर झोपतो. ॲसिडचं भांडं होमर तोंडाला लावणार इतक्यात ग्राइम्स ते उडवतो, भिंत विरघळते, आणि बोलणी बसतात ग्राइम्सला. मग होमर त्याला घरी जेवायला बोलावतो. घर, दोन गाड्या, बायको, पोरं, ताटात लॉबस्टर. ग्राइम्सचं डोकं फिरतं. मी मरमर मेलो आणि मला काय मिळालं, एक ब्रीफकेस आणि एक केशरचना, अशा अर्थाचं तो ओरडतो. आम्ही दोघं लोळून हसत होतो. बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले होते. "बरोबर बोलतोय तो," ते म्हणाले.

ग्राइम्स शेवटी होमरची नक्कल करत करत, आपल्याला काय होतंय म्हणत उघड्या उच्चदाब तारा धरतो. (बाबांनी इथे डोळे मिटले. ते नाटकीपणाने नव्हे. त्यांनी तसला एक अपघात पाहिलेला होता, कुठला ते त्यांनी सांगितलं नाही.) अंत्यविधीत होमर पेंगत "मार्ज, चॅनेल बदल" असं बरळतो आणि सगळे हसतात, भाग संपतो. हा भाग मालिकेतला सगळ्यांत क्रूर असं पुष्कळ जण म्हणतात, आणि सगळ्यांत उत्तमही. आवडता म्हणवत नाही मला. पण बाबांनी टीव्ही बंद करताना जे विचारलं ते आठवतं: "त्याच्या जागी मग कोण आला?"

कुणी आलं नाही.

मोनोरेलचा भाग उत्तम भागांच्या जवळजवळ प्रत्येक यादीत असतो, कॉनन ओब्रायनने लिहिलेला, १९९३चा. तो छानच आहे, त्यावर मला नवीन सांगण्यासारखं काही नाही. २०१४ साली मुंबईत मोनोरेल सुरू झाली त्या दिवशी पिंट्याने त्यातलं गाणं मला अकरा वेळा पाठवलं, एवढं नमूद करते.

अपूविषयी मात्र घाईने बोलता येत नाही. कॉलनीत आम्हाला तो दिसला की आनंदच व्हायचा: आपला माणूस, अमेरिकेच्या टीव्हीवर! नाव सत्यजित राय यांच्या चित्रपटांतल्या अपूवरून घेतलेलं, हे कळल्यावर तर छाती फुगली. आवाज हँक अझेरिया या गोऱ्या नटाचा आहे हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. पिंट्याला ते न्यू जर्सीत कळलं. पहिल्या नोकरीत कुणीतरी रोज संध्याकाळी तो निघाला की अपूच्या हेलात त्याचं ठरलेलं "थँक यू, कम अगेन" म्हणायचं. पहिला आठवडा तो हसला. २०१७ साली विनोदकार हरी कोंडाबोलू याने याच दुखण्यावर माहितीपट केला, आणि २०२०च्या सुरुवातीला अझेरियाने आपण आता हा आवाज काढणार नाही असं जाहीर केलं. पिंट्या तरीही अपूला टाकायला तयार नाही. १९९६च्या एका भागात अपू नागरिकत्वाची परीक्षा देतो. यादवी युद्धाचं कारण विचारल्यावर तो आर्थिक, सामाजिक असं सविस्तर सुरू करतो आणि परीक्षक कंटाळून म्हणतो, नुसतं गुलामगिरी म्हण. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा असलेला माझा भाऊ हा प्रसंग लावून बसतो. अपू एकदा म्हणतो, की आपण सलग शहाण्णव तास काम केलं आणि शेवटी शेवटी आपण हमिंगबर्ड पक्षी आहोत असं वाटायला लागलं. हे बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांची सलग तीन शिफ्टची नोंद आहे, तिला धक्का लागेल.

बाबा मालिकेवर खूश झाले ते एकदाच, आणि तेही त्यातली चूक सापडली म्हणून. १९९८च्या एका भागात होमर शोधक व्हायला निघतो आणि फळ्यावर आकडे लिहितो: ३९८७चा बारावा घात अधिक ४३६५चा बारावा घात बरोबर ४४७२चा बारावा घात. लिहिणाऱ्यांत गणित शिकलेली बरीच मंडळी होती, त्यांचा हा खोडसाळपणा. साध्या कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं तर उत्तर जुळतं. पण दोनापेक्षा मोठ्या घाताला असं जुळूच शकत नाही, हे फर्माचं शेवटचं प्रमेय, आणि अँड्र्यू वाइल्सने ते नव्वदच्या दशकात सिद्ध केलं. मी हे सगळं ऐटीत सांगितलं. बाबांनी पेपरच्या कोऱ्या कडेला अंक मांडले. तीन, नऊ, आठ, सात, सत्तावीस. चार, तीन, सहा, पाच, अठरा. दोन्हींना तीनने भाग जातो, म्हणजे बेरजेलाही जाणार. चार, चार, सात, दोन, सतरा. नाही जात. "जुळत नाही," म्हणाले, आणि पेन्सिल कानावर ठेवून दिली. तीनशे वर्षांचा इतिहास अर्ध्या मिनिटात आटोपला.

होमर आणि बाबा एकाच सालचे आहेत, हे मला फार उशिरा कळलं. १९९३च्या एका भागात होमरच्या लायसन्सवर जन्मतारीख दिसते: १२ मे १९५६. बाबाही छप्पनचे. होमर आणि मार्जची शाळेतली ओळख १९९१मध्ये दाखवली तेव्हा ती १९७४ सालची होती. २००८मध्ये तीच दोघं नव्वदच्या दशकात तरुण असल्याचं दाखवलं आणि जुने चाहते चवताळले. पण करणार काय? घड्याळ पुढे जातं आणि माणसं जागची हलत नाहीत, म्हणून भूतकाळच ओढून पुढे आणावा लागतो. बाबा २०१४ साली अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त झाले. शेवटच्या शिफ्टला रिलीव्हर वीस मिनिटं आधी आला होता म्हणे. हार वगैरे झाला. बाबांना त्याहून त्या वीस मिनिटांचं कौतुक. होमर अजून केंद्रातल्या सेक्टर सात-जीच्या खुर्चीत आहे.

मला वाटतं, कोमा, किरणोत्सर्ग, शाप, या सगळ्या थिअऱ्या म्हणजे बाबांनी दारात बुटाची नाडी बांधताना विचारलेला प्रश्न आहे. या लोकांना सोडवायला कोण येणार? १७ डिसेंबर १९८९ला नाताळच्या भागाने जी शिफ्ट चालू झाली ती साडेसातशे भाग उलटले तरी सुटत नाही, आणि २०२५मध्ये तिला चाळिसाव्या हंगामापर्यंत मुदतवाढ मिळाली. सुटले ते आवाज देणाऱ्यांपैकी काही, तेही वाईट तऱ्हेने. फिल हार्टमन १९९८मध्ये गेला तेव्हा त्याचा वकील लायोनेल हट्झ आणि नट ट्रॉय मॅक्ल्युअर दोघांनाही बंद केलं, दुसरा आवाज लावला नाही. मार्शिया वॉलेस २०१३च्या ऑक्टोबरात गेली आणि बार्टच्या बाई, मिसेस क्रबापल, मालिकेतून गेल्या. त्यानंतरच्या भागात बार्टने फळ्यावर एकदाच लिहिलं, की तुमची खूप आठवण येईल. शंभर वेळा नाही. एकदा.

२०२४च्या सप्टेंबरात त्यांनी शेवटाचीच थट्टा केली. कॉनन ओब्रायन सूत्रधार, आणि यंत्राने लिहिलेला 'अखेरचा भाग'. बार्टचा अकरावा वाढदिवस येतो, सगळ्यांचं सगळं मार्गी लागत जातं, आणि त्याला ते सोसत नाही. अल जीनने एकदा सांगितलं होतं, की खरा शेवट करायची वेळ आली तर सगळी मंडळी पहिल्या भागातल्या त्याच नाताळच्या कार्यक्रमाला निघालेली दाखवावीत, म्हणजे चक्र पूर्ण. पिंट्या खूश झाला, म्हणाला, बघ, कोमापेक्षा भारी. मला धसका बसला. म्हणजे पुन्हा पहिली शिफ्ट.

गेल्या हिवाळ्यात मी महिनाभर बाबांकडे होते. ते अजून पाचला उठून आंघोळ करून तयार असतात. एका रात्री जेवणं झाल्यावर मी 'अँड मॅगी मेक्स थ्री' लावला, जानेवारी १९९५चा. होमर कर्ज फेडून नोकरी सोडतो, बोलिंगच्या अड्ड्यावर आवडीचं काम धरतो, आणि मार्जला तिसऱ्यांदा दिवस जातात. पगार पुरणार नाही. तो परत केंद्राच्या दाराशी जातो, भीक मागणाऱ्यांसाठी असलेल्या बुटक्या दारातून रांगत आत. बर्न्स त्याच्या समोर पाटी ठोकतो: विसरू नकोस, तू इथे कायमचा आहेस. घरच्या अल्बममध्ये मॅगीचा एकही फोटो का नाही, असं पोरं विचारतात, आणि होमर म्हणतो, जिथे गरज आहे तिथे ते लावलेत. मग त्याची कामाची जागा दिसते. पाटीवर जागोजाग त्या पोरीचे फोटो असे चिकटवलेत की मधली अक्षरं झाकून एवढंच उरतं: तिच्यासाठी कर.

मी बाबांकडे पाहिलं नाही. त्यांनी घसा खाकरला.

"पॅनलवर काही चिकटवायला परवानगी नसते," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "इंडिकेशन झाकलं जातं."

पुढचा भाग आपोआप सुरू झाला. ढग, फळा, भोंगा. होमरने चिमटा टाकला. बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि रिमोट माझ्या हातात दिला, मागचं झाकण रबरबँडने बांधलेला.

"गॅस बंद केलाय. मोटर साडेनऊला लावायची, टाकी भरली की बंद. पिंट्याचा फोन येईल, त्याला सांग बीपीची गोळी घेतली. मागच्या दाराची वरची कडी लागत नाही, खालची लाव."

मी "हो" म्हणेपर्यंत ते तिथेच उभे होते.